बंडूजींनी चिकटवलेली पाकिटं

माधवीने बंडूजी खोड्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नानंतरच्या नवव्या दिवशी, पवनारला सासरच्या अंगणात. दुपारचे बारा वाजले असतील. फाटकाला सायकल टेकवून खाकी सदऱ्यातला एक उंच, किरकोळ माणूस आत आला आणि हातातल्या जाड पाकिटावरचं नाव त्याने शाळेत हजेरी घ्यावी तसं मोठ्याने वाचलं, "कुमारी माधवी किसनराव कुकडे."

सासूबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. "अशी कोणी नाई राहात आमच्या घरी. कुमारी तर कोणीच नाई."

"हाय ना. ते काय, कोठीजवळ उभी हाय. तुमच्या घरच्या लग्नाच्या पत्रिका मीच वाटल्या, बाई. नवरीचं माहेरचं नाव छापेल होतं त्याच्यावर."

"मंग द्या इकडं. देतो आम्ही तिले."

"रजिस्टर हाय. ज्याचं नाव त्याचीच सही."

माधवी पदर सावरत पुढे आली. बंडूजींच्या खिशातला पेन दोऱ्याने काजाला बांधलेला होता, त्यामुळे सही करताना तिला त्यांच्या फार जवळ उभं राहावं लागलं. पाकिटात तिच्या बी.एस्सी.ची पदवी होती. त्या घरात तिच्या स्वतःच्या नावाने आलेली ती पहिली वस्तू. तिने ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि त्या माणसाला मनातल्या मनात आपल्या बाजूच्या लोकांत धरलं.

पुढे बारा वर्षं बंडूजी तिला दिसत राहिले. ते डाकसेवक होते. पवनार आणि आजूबाजूच्या दोन वस्त्या एवढं त्यांचं राज्य. गावातल्या म्हाताऱ्यांची पत्रं ते वाचून दाखवायचे आणि उत्तरंही लिहून द्यायचे. कोणाच्या मुलाने काय लिहिलं, कोणाच्या जावयाने काय मागितलं, सारं त्यांच्या कानावरून गेलेलं. पण चक्कीवर दळण ठेवून कोणी खोदून विचारलं, की ते म्हणायचे, "मले वाचता येते, आठवत नाई." बायको भागीरथाबाई कौतुकाने कुरकुरायच्या, "घरात येऊन तोंडाले टाळा. सगळ्या गावाचं माहीत, अन् मले शेजारणीचं बी सांगत नाई."

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत टपालखात्याने त्यांच्या हातात एक यंत्र दिलं होतं. घरोघर फिरून त्यावर लोकांचे अंगठे घ्यायचे, मोबाईलवर आलेला आकडा विचारून टाकायचा, खाती उघडायची. त्यात बंडूजी चांगले तयार झाले. निवृत्त झाल्यावर हात थरथरू लागला, अक्षर बिघडलं, पण लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे थांबेनात. तेव्हा वडनेरला दिलेल्या त्यांच्या लेकीने, नलूने, आपल्या मोबाईलवर त्यांना चॅटबॉट दाखवला. मराठीत विचारा, मराठीत सांगतो. अर्ज लिहितो, पत्र लिहितो, कपाशीवरचा रोग ओळखायला मदत करतो. बंडूजींनी दोन दिवस त्याला उलटसुलट प्रश्न विचारले आणि म्हणाले, "याचा हात नाई कापत. लोकाईले हेच देऊ."

आणि ते गावात चॅटबॉटची खाती उघडून देऊ लागले. पैसे घेत नसत. पद्धत मात्र त्यांची स्वतःची. मोबाईल समोरच्याचाच घ्यायचा. खातं उघडून झालं की पासवर्ड एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायचा, चिठ्ठी खाकी पाकिटात घालायची, डिंक लावून चिकटवायची आणि चिकटवलेल्या जागेवर आडवी सही घ्यायची, ज्याचं खातं त्याची. "विसरले तरच फोडजा. अन् फोडलं की मले सांगजा, नवं करू." स्वतःजवळ ते कागदाचा कपटाही ठेवत नसत.

"अन् तुमच्या ध्यानात राहिलं तर?" प्रमिलाबाईंनी विचारलं होतं. प्रमिलाबाईंची पिठाची चक्की. त्यांच्याकडे दळणाबरोबर संशयही बारीक होऊन मिळे.

"एकदा लिहिलं की विसरतो मी."

"असं कोणी विसरते का जी?"

"अडतीस वर्षं तेच काम केलं, बाई."

माधवीने खातं उघडून घेतलं ते दिवाळीनंतर. तिच्याकडे अंकुशचा, म्हणजे नवऱ्याचा, जुना मोबाईल होता. लेकीच्या, काजलच्या, अभ्यासासाठी पाहिजे, असं तिने घरी सांगितलं. बंडूजींनी मोबाईल पाहिला, म्हणाले, "ईमेल हाय ना घरचा याच्यात, तुमच्या सासऱ्याच्या नंबरवर काढेल. मंग तोच टाकतो." त्यांनी पाकीट चिकटवलं, तिने सही केली, आणि पाकीट बांगड्यांच्या डब्यामागे गेलं.

काजलचा अभ्यास चार दिवस झाला. मग माधवीच त्याच्याशी बोलू लागली. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात सासरे भैय्याजी भोयर, अंकुश, ती आणि काजल. अंकुश वर्ध्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होता. तिला वर्ध्याला वेगळं बिऱ्हाड करायचं होतं. पवनार ते वर्धा बसने असा कितीसा वेळ लागतो. शाळेचं कारण सांगितलं तर सासरे हसले असते. खरं कारण दुसरंच होतं, आणि ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं. चॅटबॉटला लिहिलं: माझे सासरे वाईट नाहीत, पण बारा वर्षं झाली तरी मी या घरात पाहुणीच आहे. डबा कुठे ठेवायचा हेसुद्धा मी ठरवत नाही. त्यांना न दुखवता कसं सांगू?

त्याने शांतपणे चार गोष्टी सुचवल्या. ती रोज दुपारी थोडं लिहायची, मोबाईल पालथा ठेवायची. तोंड उघडण्याआधीची तयारी होती ती.

माघ लागला होता. एका रविवारी दुपारी ती वाढायला बसली. ताटात वरण-भात, आलू-वांग्याची भाजी. भैय्याजी पाटावर बसले, ताटाकडे पाहिलं आणि अंकुशला म्हणाले, "मले कायले आधी? पाहुणीले आधी वाढा."

अंकुश इकडेतिकडे पाहू लागला. "कोण पाहुणी, बाबा?"

"हाय एक. बारा वर्षापासून मुक्काम हाय तिचा."

माधवीच्या हातातली पळी वरणातच राहिली. शब्द तिचेच होते. बाराचा आकडासुद्धा तिचाच. भैय्याजींनी भात कालवला. दोन घास जास्तच जेवले.

त्या दिवसापासून घराच्या भिंतींनाही कान आहेत असं तिला वाटू लागलं. आधी तिने अंकुशला धरलं. "तुम्ही सांगतलं मामाजीले?"

"काय सांगतलं?"

"तुम्हाले माहीत हाय काय ते."

"अवं, तू मलेच काही सांगत नाई, मी त्याईले काय सांगू?" तो इतका भांबावला होता, की त्याला सोडावंच लागलं. मग तिचा संशय खुद्द चॅटबॉटवर गेला. तिने त्यालाच विचारलं, तू कोणाला सांगतोस का? तो म्हणाला, मी स्वतःहून कोणाला कळवत नाही. पण तुमचं खातं आणखी कोणी वापरतं का, ते पाहून घ्या. आणखी कोणी! तिच्या डोळ्यांसमोर खाकी पाकीट आलं, आणि मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी.

चक्कीवर प्रमिलाबाईंनी उरलेलं काम केलं. "पंधरा दिवस झाले असतील. तू वर्ध्याले गेलती बाजाराले. तुमच्या ओट्यावर बंडूजी अन् तुह्ये सासरे मोबाईलमध्ये डोकं घालून बसेल होते. मी इथून पाह्यलं. मले पाहून बंडूजीनं रामराम केला, पण बोलले नाई काही. काऊन नाई बोलले?"

बंडूजी कुणाबद्दलच काही बोलत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. त्या दिवशी तेच त्यांच्याविरुद्ध गेलं.

आणि नेमके बंडूजी पायलीभर ज्वारी घेऊन चक्कीवर आले. पाचसहा बायका होत्या. माधवीने आवाज लहान ठेवला नाही. "बंडूजी, पाकीट फोडून वाचलं काय तुम्ही माह्यं?"

चक्की चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेलं. पोस्टमनला चोर म्हटलेलं चालेल, दारुडा म्हटलेलं चालेल. पाकीट फोडलं, हे नाही. बंडूजींनी ज्वारीची पिशवी खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, वर्गात भलत्याच मुलाचं नाव घेतलं गेल्यावर ते मूल जसं पाहतं, तसे ते पाहत होते.

"पाकीट कुठं हाय, बाई?"

"घरी."

"आणजो."

ती तरातरा गेली, पाकीट घेऊन आली. डिंक जसाच्या तसा. तिची सही एका रेषेत, कुठे सरकलेली नाही. बंडूजींनी ते हातात घेतलं नाही, नुसतं बोटाने दाखवलं.

"लिहिलं त्याईनंच," प्रमिलाबाई पीठ झाडत म्हणाल्या. "फोडाची गरजच काय?"

 बंडूजी दळण न करताच परतले.

गावाला यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दाराच्या कडीत, पायरीवर, एकदा तर गायीच्या गव्हाणीत खाकी पाकिटं येऊन पडली. कोणी फाडून टाकलेली, कोणी तशीच. अकरा घरांत त्यांनी खाती उघडून दिली होती. नऊ पाकिटं परत आली. ज्या म्हाताऱ्यांची पत्रं त्यांनी वाचली होती, तेसुद्धा आता आठवू लागले, की अमुक साली आपली गोष्ट गावात फुटली होती ती कशी? अडतीस वर्षांचं जुनं टपालही संशयाने पुन्हा उघडलं गेलं. बंडूजींनी खाती उघडणं बंद केलं. सकाळी धाम नदीकडे फिरायला जाताना ते चक्कीचा रस्ता सोडून लांबून जाऊ लागले.

माधवीला मात्र समाधान नव्हतं. आरोप करून झाला, पण चोर हातात सापडला नव्हता. ती शास्त्राची विद्यार्थिनी. तिने प्रयोग करायचं ठरवलं. एका सोमवारी तिने चॅटबॉटला एक धादांत खोटी गोष्ट विचारली: परसातलं लिंबूचं झाड तोडून तिथे खोली बांधता येईल का? कोणाला सांगितलं नाही. अंकुशलाही नाही.

मंगळवारी दुपारी भैय्याजींनी आपली बाज उचलली आणि लिंबूखाली नेऊन टाकली. "हे झाड माह्या मायनं लावेल हाय," ते हवेत बोलले. "कोणी हात तर लावून पाहा याले."

सापडला! माधवीने पायात चपला घातल्या आणि थेट बंडूजींचं घर गाठलं. भागीरथाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, बस म्हटलं नाही.

"कुठं हायत?"

"वडनेरले. नलूकडं. शुक्रवारीच गेले. इथं कोणाले तोंड दाखवावं त्याईनं?"

"मोबाईल बंद हाय का त्याईचा?"

"बंद कायले? मोबाईल इथंच ठेवून गेले. ते पाह्य, पेटीवर."

पेटीवर एक बटणांचा मोबाईल होता. आकडे झिजलेले, मागचं झाकण रबराने बांधलेलं. माधवी त्याच्याकडे पाहत राहिली. "अन् दुसरा? मोठा?"

"मोठा कधीच नोयता त्याईच्याजवळ. लोकाईच्याच मोबाईलवर करून देत होते ते, लोकाईच्या समोर." भागीरथाबाईंनी आता वर पाहिलं. "तुह्या सासूचं शेवटचं पत्र कोणी लिहून देलतं, माहीत हाय? तिच्या भावाले. काय लिहिलं ते मले आजलोक नाई सांगतलं या माणसानं. अन् तू चार बायकाईत त्याले फोडणारा म्हणलं."

परत येताना माधवीला उन्हाचं भान नव्हतं. बंडूजी चार दिवस गावात नव्हते. त्यांच्याजवळ तसा मोबाईलच नव्हता. मग लिंबूच्या झाडाचं भैय्याजींना कळलं कसं?

घरी आली तेव्हा भैय्याजी न्हाणीत होते आणि त्यांचा मोबाईल बाजेवर होता. तिने तो उचलला. चॅटबॉट उघडा होता. वरच्या कोपऱ्यात दोन आडव्या रेघा होत्या. तिच्याही मोबाईलमध्ये त्या होत्या, तिने कधी दाबल्या नव्हत्या. आता दाबल्या. एक यादी सरकत बाहेर आली. परसात खोली बांधणे. सासऱ्यांना कसं सांगावं. वेगळं बिऱ्हाड. सगळं तिचं, तारखेवार.

आणि त्यांच्या मधेमधे दुसरं काही, जे तिचं नव्हतं. कपाशीची लाल पानं. गुडघेदुखी. त्याखाली: एका माणसाच्या भाताला पाणी किती. तिने ते उघडलं. एका माणसाला तुरीचं वरण किती, फोडणी जळू नये म्हणून काय करावं, सत्तर वर्षांच्या माणसाने गॅस एकट्याने वापरावा का. शेवटी एक ओळ होती: सून बोलायच्या आधी आपण बोलावं का, की वाट पाहावी.

न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण सगळं वाचलं. एकही ओळ न सोडता. दुसऱ्याचं.

बंडूजी शनिवारी परतले. माधवी रविवारी सकाळीच दोन्ही मोबाईल घेऊन त्यांच्याकडे गेली. माफी मागायचं तिने ठरवलं होतं, पण त्यांनी तिला वेळच दिला नाही. त्यांनी एक मोबाईल पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. मग खाली ओसरीवरच बसले.

"भैय्याजीनं म्हणलं होतं, मलेही पाह्यजे, पिकाचं विचाराले. मी म्हणलं, तुमच्या घरी तर हायच. तोच ईमेल त्याईच्या मोबाईलमध्ये होता, पासवर्डही नाई लागला. दाबलं अन् झालं." ते आपल्या तळहाताकडे पाहत होते. "ओट्यावर बसलो होतो ते तेच करून राह्यलो होतो. एक घर, एक पत्ता. सारा जन्म तसंच वाटलं मी. घराचा पत्ता पाह्यला, बाई. नाव नाई पाह्यलं."

"तुमची काय चूक? तुम्ही तर वाचलं नाई."

"वाचलं असतं तर एकाचं वाचलं असतं. सगळीकडं घरचाच ईमेल टाकला मी; हे तर अकरा घरची पत्रं मी भलत्याच हाती देली." चक्कीवर आळ आला तेव्हा शांत राहिलेला हा माणूस आता घामाने भिजला होता. "भागीरथा, सदरा दे माह्या."

खाकी सदरा त्यांनी मागितला नव्हता, पण भागीरथाबाईंनी तोच दिला.

पहिलं घर भोयरांचंच. भैय्याजी लिंबूखाली होते. बंडूजी बाजेजवळ उभे राहिले. "भैय्याजी, चूक माही हाय. दोघाईचं खातं एकच झालं. पण एक सांगा, ते तुमच्या नावचं नोयतं, तर वाचलं कायले?"

"माह्या मोबाईलमध्ये आलं, मी वाचलं. मी थोडी गेलतो शोधाले."

"चुकून आलेलं पाकीट आपण परत देतो जी. दोन वेळा तर तुम्हीच देलतं मले, शेजारच्या कामडीचं."

भैय्याजी बाजेवर सरकून बसले. मग दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे न पाहता म्हणाले, "तिनं बी वाचलं माह्यं. मोबाईल बाजेवर उलटा ठेवला होता, सुलटा सापडला मले."

माधवीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "वाचलं, मामाजी," ती म्हणाली. "भाताले दुप्पट पाणी लागते. थोडं जास्तच टाकजा, तुम्हाले मऊ लागतो."

बंडूजी तोवर दुसरीकडे पाहत होते. हे बोलणं त्यांच्या नावाचं नव्हतं.

त्या आठवड्यात ते अकराही घरी गेले. प्रत्येक दारात तेच सांगितलं: चूक माझी, घरातल्या दुसऱ्याला तुमचं दिसत असेल, नावानावाने वेगळं करून देतो. सात घरांनी करून घेतलं. दोन घरांत पुरुषांनी विचारलं, बाईले वेगळं कायले पाह्यजे? तिथे त्यांनी घरचं खातं घरच्यांसमोर पुसून टाकलं, आणि बाईकडे पाहून मोठ्याने सांगितलं, "आता याच्यात काही नाई." दोन घरांनी दारच उघडलं नाही. माधवी चक्कीवर गेली आणि जिथे आरोप केला होता तिथेच, चक्की चालू असताना, तो परत घेतला. प्रमिलाबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. "असंन," त्या म्हणाल्या. "पण मग चिठ्ठी लिहितेच कायले तो?"

बंडूजींच्या कानावर हे गेलं. तेव्हापासून ते चिठ्ठी लिहीत नाहीत. समोरच्याला लिहायला लावतात आणि तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. ज्याला लिहिता येत नाही त्याला म्हणतात, चार चित्रं काढ, आकडे घाल, तुला समजेल ते कर. मग डिंक, मग सही.

जूनमध्ये माधवी आणि अंकुशने वर्ध्याला दोन खोल्या घेतल्या. सांगणं तिनेच सांगितलं, पाटावर बसलेल्या सासऱ्यांना, जेवण वाढून झाल्यावर. रविवारी ती काजलला घेऊन बसने पवनारला येते; भैय्याजींचं वरण अजून पातळच होतं. फाटकातून शिरताना ती दरवेळी आधी चक्कीकडे पाहते आणि मग आपला मोबाईल पिशवीत तळाशी घालते. ती सवय काही गेली नाही.

बंडूजी आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. सोमवारी आणि गुरुवारी दहा ते एक ते आपल्या ओसरीवर बसून लोकांना खाती उघडून देतात, माणसागणिक एक. त्यांच्या स्वतःच्या नावाचं खातं नाही. त्यांच्याकडे अजून तो बटणांचाच मोबाईल आहे.